माशांच्या टाकीचे झाकण : मराठवाड्यात बंद पेटी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काचेच्या टाकीवर लाकडी झाकण घरीच करून त्यात दिवे कसे बसवायचे, हे दाखवणारे व्हिडिओ मोबाईलवर हवे तेवढे सापडतात. त्यातले बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे झाकणाने पाण्यातली ऊब धरून ठेवायची असते, म्हणून ते चहूबाजूंनी गच्च बंद असते. तेच चित्र दाखवून आपल्याकडे सुताराकडून झाकण करून घेतले जाते. दिसायला देखणे होते, हिवाळा निभावतो, आणि एप्रिल संपता संपता मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मग पाणी बदला, औषध टाका, खाणे कमी करा असे सल्ले सुरू होतात. पाण्यात बिघाड नसतोच, बिघाड वरच्या पेटीत असतो. म्हणून आपल्या हवेला मानवणारे झाकण कसे करावे ते मापांसह लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. छाटायचे झाल्यास विजेचा आणि रसायनांचा भाग तेवढा ठेवावा ही विनंती.

आधी उष्णतेचे गणित. परभणी, नांदेड, जालना या भागांत मे महिन्यात दुपारचा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या घरात टाकीचे पाणी सहज ३३ अंशांपर्यंत चढते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम, ३३ अंशांना ७.२. तापलेल्या पाण्यात माशांना प्राणवायू लागतो मात्र जास्त, कारण त्यांच्या शरीराचे काम वेगाने चाललेले असते. गोल्डफिश इथेच पहिला जातो. त्यावर बंद झाकण म्हणजे पाण्याची वाफ बाहेर जायची वाट बंद, आणि वाफ होणे हाच तर टाकी थंड होण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. १३५ लिटर पाणी १ अंशाने थंड करायला लागतात साधारण ५६५ किलोज्यूल. म्हणजे कागदावर एका लिटरच्या वाफेत टाकी चार अंशांनी उतरावी. खोलीतली उष्णता काचेतून परत येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंश पदरात पडतात. तेवढे पुरतात. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी असते, म्हणून घरातला कूलर जसा मुंबईपेक्षा जालन्यात चांगला चालतो, तसेच इथे झाकणात बसवायच्या पंख्याचे आहे.

आता मापे. उदाहरणाला ३६ × १५ × १८ इंचांची टाकी घेऊ. दुकानांत ती सर्रास मिळते आणि खडी-वाळू वगळून तिच्यात साधारण १३५ लिटर पाणी बसते. मिलिमीटरमध्ये तिची वरची बाजू ९१४ × ३८१. पण हे आकडे घेऊन थेट प्लाय कापायला जाऊ नये. गावात जोडलेल्या टाक्या क्वचितच काटकोनात असतात. वरच्या काठाची लांबी पुढून आणि मागून वेगवेगळी मोजावी, दोन्ही कर्ण मोजावेत, आणि सिलिकॉनचे कुठे फुगवटे आले असतील तर तेही धरावेत. सगळ्यांत मोठ्या मापात दर बाजूला ३ मिमी मोकळीक द्यावी. आपल्या उदाहरणात झाकणाची आतली जागा ९२० × ३८७ येते. मोकळीक ठेवली नाही तर रंगाचे थर चढल्यावर झाकण अडकते, आणि अडकलेले झाकण जोर लावून काढताना काचेचा कोपरा उडतो.

१२ मिमी, सुतारांच्या भाषेत चार सूत, प्लायचे तुकडे असे : पुढची व मागची फळी ९४४ × २००, दोन बाजू ३८७ × २००, वरचा भाग ९४४ × ४११. सगळे मिळून एक चौरस मीटरही भरत नाही. ८ × ४ फुटांच्या पूर्ण प्लाय शीटचा हा तिसरा हिस्साही नाही, त्यामुळे प्लायवाल्याकडे किंवा फर्निचरच्या कामावर उरलेला तुकडा मिळतो का ते आधी पाहावे. तयार झाकणाचे वजन आठ-नऊ किलो होते. हे वजन काचेच्या उभ्या काठांवर सारखे पसरले तर काचेला त्रास नाही. टाकीच्या मध्यभागी आडवी काचेची पट्टी असते, तिच्यावर मात्र ते टेकता कामा नये.

हे टेकणे नीट जमावे म्हणून आतून चारही बाजूंना २० × २० मिमीची सागवानी रीप लावायची. रिपेची खालची कड फळीच्या तळापासून २५ मिमी वर राहील असे पाहायचे. रीप काचेवर बसते आणि खालची २५ मिमीची झालर पाण्याची रेघ व सिलिकॉनची ओबडधोबड कड झाकते. रिपेच्या खाली पातळ रबराची पट्टी चिकटवली की काच वाजत नाही.

पुढची फळी अखंड ठेवू नये, हा बहुतेक आराखड्यांतला दोष आहे. काचेपासून वर १७५ मिमी उंच पेटी आणि आत ४५७ मिमी खोल टाकी, म्हणजे तळातली खडी हलवायला हात काखेपर्यंत घातला तरी पुरत नाही. म्हणून पुढची फळी आडवी चिरावी. खालचा ७५ मिमीचा भाग रिपेसकट पक्का, वरचा १२२ मिमीचा भाग वरच्या झडपेला काटकोनात जोडलेला. ३ मिमी करवतीत जातात. वरच्या फळीचेही असेच दोन भाग : मागे १४० मिमी पक्का, पुढे २६८ मिमीची झडप. आता झडप उघडली की पुढून काचेवर ५० मिमीचाच अडथळा राहतो. दुसरा फायदा असा, की काटकोनी जोडामुळे जवळपास मीटरभर लांबीची झडप मधोमध झोल खात नाही. ती तीन किलोंच्या घरात भरते, म्हणून दोन छोट्या बिजागऱ्यांऐवजी ९०० मिमीची स्टेनलेस स्टीलची पियानो बिजागरी लावावी आणि उघडी झडप हातावर आपटू नये यासाठी एका बाजूला अडकण किंवा साखळी असावी.

लाकूड कोणते? किनवट-माहूरचे सागवान आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, आणि ‘होऊ दे सगळे सागवानातच’ असा मोहही होतो. रिपा आणि कोपऱ्यातल्या ठोकळ्यांसाठी तो मोह जरूर पुरवावा. पण रुंद फळी अखंड सागवानाची घेतली की मेमध्ये आकसते, ऑगस्टमध्ये फुगते आणि खालून दमट वरून कोरडी राहिल्याने वाटीसारखा बाक घेते. फळ्यांना प्लायच बरा. त्यातही आयएस ७१० छापाचा, म्हणजे बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्रतीचा. आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळते पाणी बऱ्यापैकी सोसणारा) चालेल, एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) नको. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कितीही रंगवले तरी खालच्या कडेने पाणी पितात. पहिल्याच पावसाळ्यात कड जाड होते, मग स्क्रूची भोके सैल पडतात आणि बिजागरी हातात येते. बाभूळ मजबूत खरी, पण ओली मिळते आणि वाळताना चिरते.

दोन गोष्टी लाकूड घेतानाच विचाराव्यात. सुताराने माल वाळवीच्या औषधात भिजवला किंवा फवारला असेल तर तो टाकीवर वापरू नये. वाळवीसाठी सर्रास वापरले जाणारे क्लोरपायरीफॉस माशांना अत्यंत विषारी आहे. दुसरे, आयएस ७१० प्लायमध्येही टिकाऊपणासाठी रसायन भरलेले असते. ते बाहेर झिरपू नये म्हणूनच आतला लेप नीट हवा. शोभेसाठी नव्हे.

जोडणी सोपी आहे, घाई मात्र नडते. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की थर फाटतात. कोपऱ्यात २५ × २५ मिमीचा सागवानी ठोकळा उभा करावा आणि फळीच्या तोंडातून ठोकळ्यात स्क्रू जावा. पुढच्या दोन कोपऱ्यांत ठोकळा ७५ मिमीच्या फळीच्या वर येऊ देऊ नये, नाहीतर झडप बसणार नाही. स्क्रू ६ नंबरचे, सव्वा इंची, स्टेनलेस स्टीलचे, आणि आधी अडीच मिमीचे भोक. साधे लोखंडी स्क्रू काही महिन्यांत गंजून पांढऱ्या रंगावर तांबडे ओघळ आणतात. पितळी सामान सुंदर दिसते. पण टाकीत कोळंबी किंवा गोगलगाई पाळल्या असतील तर ते पाण्यावर नको, कारण त्यांना तांब्याचा अंशही सोसत नाही. गोंद पाण्याला टिकणारा, मरीन प्रतीचा घ्यावा. नेहमीचा पांढरा गोंद ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो. गोंद लावल्यावर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) फिरवून कर्ण पुन्हा मोजावेत आणि मगच आवळावे.

रंगाच्या कामाला लाकूडकामाइतकाच वेळ द्यावा. प्लायचे तोंड फारसे पाणी पीत नाही, कापलेली कड पिते. १२० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून कडांमध्ये लांबी (पुट्टी) भरावी, आणि आतून संपूर्ण, भोकांच्या कडांसकट, इपॉक्सीचे (दोन द्रव्ये कालवून करायच्या कडक लेपाचे) दोन हात द्यावेत. उन्हाळ्यात काम करत असाल तर इपॉक्सी एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नये. ४० अंशांत ते डब्यातच तापते, धुरकटते आणि ब्रश टेकवायच्या आत दगड होते. पावसाळ्यात उलटी तऱ्हा : दमट हवेत पॉलिश पांढरट पडते. ही कामे ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकलेली बरी. इपॉक्सीवर आतून पांढरा ऑईल पेंट द्यावा. पांढऱ्या रंगामुळे दिव्याचा बाजूला जाणारा उजेड परत पाण्यात येतो. रंग वाळला तरी वास जाईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, झाकण टाकीवर ठेवू नये.

बाहेरून सनमायका लावायचा असेल तर एक लक्षात ठेवावे. झडपेला फक्त वरून सनमायका लावला आणि खालून नुसता रंग राहिला तर दोन्ही बाजू ओलावा सारखा घेत नाहीत, आणि झडप बाक घेते. आतल्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावावे, नाहीतर बाहेरूनही रंगावरच भागवावे.

दिव्यांकडे वळू. जुन्या पद्धतीच्या झाकणात २३० व्होल्टची ट्यूब, होल्डर आणि चोक सगळे पाण्याच्या डोक्यावर असते. रात्री झाकणात दव धरते, ते होल्डरच्या पितळी पट्ट्यांवर बसते, हिरवा गंज चढतो आणि एके दिवशी झाकणाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. ज्या झाकणाला घरातली मुले हात लावणार आहेत, त्याच्या आत २३० व्होल्ट नेऊच नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. आत फक्त १२ व्होल्ट.

१२ व्होल्टची, ५०५० प्रकारची, मीटरला ६० एलईडी असलेली पट्टी मीटरला १४.४ वॅट घेते. ती दर तीन एलईडींनंतर, म्हणजे ५० मिमीच्या पटीतच कापता येते. आपल्या झाकणात ८५० मिमीचे दोन तुकडे बसतात. दोन्ही मिळून सुमारे २४.५ वॅट, म्हणजे २ ॲम्पियरच्या किंचित वर. त्याला १२ व्होल्ट ३ ॲम्पियरचा ॲडॉप्टर योग्य. २ ॲम्पियरचा लावला तर तो पूर्ण भारावर तापत राहतो आणि उन्हाळ्यात जळतो. आपल्याकडे विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून ॲडॉप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेले आहे ना ते पाहून घ्यावे. पट्टी आयपी ६५ची (पाण्याचे शिंतोडे सोसणारी), रंग ६५०० केल्व्हिनचा पांढरा. निळे-जांभळे दिवे शोभेचे असतात, वनस्पतींना त्यांची गरज नाही.

पट्टी थेट लाकडाला चिकटवू नये. तिच्यामागचा चिकटपणा उष्णतेने आणि दमटपणाने सुटतो आणि पट्टी पाण्यात लोंबते. ॲल्युमिनियमच्या चॅनलमध्ये ती बसवावी. चॅनल उष्णता ओढून घेतो, एलईडी जास्त टिकतात, आणि चॅनलवरची दुधी पट्टी पाण्याचे शिंतोडे अडवते. एक चॅनल मागच्या पक्क्या फळीखाली, दुसरा झडपेखाली पुढच्या कडेपासून १०० मिमीवर. एकट्या मागच्या दिव्याने माशांची पाहणाऱ्याकडची बाजू काळवंडते. माशांचा रंग खुलतो तो पुढच्या उजेडाने. झडपेवरच्या चॅनलची तार बिजागरीजवळ सैल सोडावी, ताणून बसवलेली तार रोजच्या उघडझापीने आतून तुटते. दोन्ही पट्ट्यांना वीज स्वतंत्र द्यावी, एकीच्या शेपटातून दुसरीला नको, नाहीतर दुसरी मंद दिसते.

पट्टीचे कापलेले टोक उघडे पडते, ते सिलिकॉनने बुजवावे लागते. इथे जाणकारही चुकतात. टाकी चिकटवायचे सिलिकॉन व्हिनेगरसारखा आंबट वास सोडते. काचेला ते उत्तम, पण तो आंबटपणा तांब्याच्या जोडाला खातो आणि काही महिन्यांत पट्टी टोकाकडून लुकलुकू लागते. विजेच्या जोडांना न्यूट्रल, म्हणजे आंबट वास न सोडणारे, सिलिकॉन वापरावे. बाथरूमसाठी मिळणारे, बुरशी रोखणारे सिलिकॉन टाकीत कुठेच नको, त्यातले औषध माशांना बाधते.

एवढा उजेड अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिस्नेरिया या वनस्पतींना पुरतो. तांबड्या पानांच्या हौशी जाती यात टिकत नाहीत. दिवा दिवसाला ६ ते ८ तास पुरे, टाइमर लावून. दहा-बारा तास चालू ठेवला की काचेवर हिरवे शेवाळ धरते. उन्हाळ्यात दुपारी चारनंतर दिवा सुरू करावा : दुपारच्या उष्णतेत दिव्याची भर पडत नाही आणि संध्याकाळी घरी असणाऱ्यांना टाकी पाहायलाही मिळते.

पंखा संगणकातला १२ व्होल्टचा, १२० मिमीचा. डाव्या बाजूच्या फळीत, तळापासून १२० मिमीवर केंद्र धरून साधारण ११५ मिमी व्यासाचे भोक, स्क्रूची भोके एकमेकांपासून १०५ मिमीवर. पंखा बाहेरची हवा आत फेकेल असा लावावा. आतली वाफ बाहेर ओढणारा लावला तर तीच क्षारयुक्त ओल त्याच्या बेअरिंगमधून जाते आणि पंखा खरखरून बसतो. आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला तेवढीच मोठी वाट हवी. शोभेसाठी २५ मिमीची पाच भोके पाडलेली असतात, त्यांचे क्षेत्रफळ मिळून २५ चौ.सेमी.सुद्धा होत नाही, तर पंख्याच्या भोकाचे शंभराच्या वर. त्याऐवजी मागच्या फळीच्या वरच्या काठाला, पंख्याच्या विरुद्ध टोकाकडे, ६०० × २५ मिमीची खाच काढावी. ती १५० चौ.सेमी. होते, जाळीने थोडी अडली तरी पुरते. नळ्या आणि तारांसाठी मागे खालच्या कडेला ६० × ४० च्या दोन वेगळ्या खाचा. पंख्यावर आणि खाचेवर मच्छरजाळी लावावीच, नाहीतर दिव्याच्या उबेला पाल येते आणि सकाळी पाण्यात सापडते. जाळी धुळीने बुजते. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी ती झटकावी.

पंख्याला दिव्याचा ॲडॉप्टर देऊ नये. दिवा टाइमरवर असतो, आणि पंखा हवा असतो नेमका दुपारी दिवा बंद असताना. वेगळा १२ व्होल्ट १ ॲम्पियरचा ॲडॉप्टर घ्यावा. हौस असेल तर डब्ल्यू १२०९ नावाचे तापमान पाहून चालू-बंद करणारे छोटे सर्किट मिळते, ते २९ अंशांना सुरू, २७ला बंद असे लावून ठेवता येते. त्याचा तापमान मोजणारा काटा पाण्यात जातो, सर्किटची पाटी बाहेर राहते.

टाकीवर पूर्ण काच झाकून वर झाकण ठेवण्याची पद्धतही आहे. दिव्यांना ती सुरक्षित, पण पाण्याचा पृष्ठभाग बंद होतो आणि पंख्याला काम उरत नाही. शिवाय बोअरच्या पाण्याचे क्षार त्या काचेवर खालून वाळत जातात : आधी थेंबांच्या कडांची पांढरी वर्तुळे, मग खरखरीत पापुद्रा, आणि खाली पोहोचणारा उजेड महिन्याभरात डोळ्यांना जाणवेल इतका उतरतो. लिंबाची फोड किंवा व्हिनेगर चोळले की पापुद्रा सुटतो, पण ते दर आठवड्याला कोण करणार? काचेऐवजी ॲक्रिलिक घेतले तर ते खालच्या ओलाव्याने आणि वरच्या उष्णतेने बाक घेते. उड्या मारणारे मासे असतील तर बारीक जाळीची चौकट टाकावी. दिव्यांना चॅनलचे आवरण पुरे आहे.

वाफेने पाणी कमी होणार, ते भरावे लागणार. दिवसाला दोन लिटर धरून चालू. मराठवाड्याच्या बोअरला ६०० टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ही काही मोठी गोष्ट नाही. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. रोज दोन लिटर असे बोअरचेच पाणी भरत राहिले तर १३५ लिटरच्या टाकीचा टीडीएस महिन्यात सुमारे २६५ने वाढतो, ६००चा साडेआठशेच्या पुढे जातो. तेच पाणी आरओचे भरले तर वाढ जेमतेम १५-२०. म्हणून कमी झालेले पाणी भरायला आरओचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी, आणि आठवड्याच्या पाणीबदलाला नेहमीचे. पाणीबदलही केवळ आरओवर करू नये, क्षार फार उतरले की पाण्याचा सामू (पीएच) टिकत नाही. ज्या भागात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे माशांसाठी पाणी उडवणे कुणाला खटकेल. पण कूलर दिवसाला कित्येक बादल्या पितो, त्या मानाने हे दोन लिटर काहीच नाहीत. टाकीतून काढलेले पाणी कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खतासारखे लागू पडते.

विजेबाबत आणखी काही. दोन्ही ॲडॉप्टर टाकीच्या खाली किंवा झाकणावर नव्हे, बाजूच्या भिंतीवर, टाकीच्या काठापेक्षा उंच. ते जमत नसेल तर प्रत्येक तारेला बोर्डाच्या खाली झोल देऊन मग ती वर प्लगात न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी झोलाच्या तळाशी टपकते, बोर्डात शिरत नाही. पंप आणि हीटर २३० व्होल्टचे असतातच. त्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचे सॉकेट असले म्हणजे अर्थिंग आहेच असे नाही, मागे तारच जोडलेली नसते. हात पाण्यात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे. पाणीबदलात हीटर पाण्याबाहेर उघडा पडून चालू राहिला तर त्याची काच तडकते.

पंखा बाहेरची हवा आत ओढतो, तेव्हा खोलीत जे काही फवारले जाईल तेही ओढतो. डास मारणाऱ्या लिक्विड मशीनमध्ये आणि स्प्रेमध्ये पायरेथ्रॉइड गटाचे औषध असते. माणसाला ते फारसे बाधत नाही, माशांना फार बाधते. टाकीच्या खोलीत ते लावू नये. लावावेच लागले तर पंखा आणि हवेचा पंप दोन्ही बंद करून टाकीवर ओले कापड टाकावे आणि खोली मोकळी झाल्यावर काढावे. भिंतीचा रंग, पॉलिश, अगरबत्तीचा दाट धूर, सगळ्यांना हाच नियम.

भारनियमनाच्या वेळी दिवा गेल्याने काही बिघडत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली की झडप पूर्ण उघडून ठेवावी, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्यावा. राउटरसाठी मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर हा पंखा चालतो.

हिवाळ्यात उलटा कारभार. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकडी होतो, तेव्हा पंखा बंद आणि मागच्या खाचेवर आतून प्लायची पट्टी. ती दोन स्क्रूंवर सरकती ठेवली की काढघाल सोपी. पट्टीने खाच तीन चतुर्थांशच झाकावी, पूर्ण नको, नाहीतर दव धरून बिजागरीशी थेंब साचतात. या टाकीला १५० वॅटचा हीटर पुरतो.

पावसाळ्याच्या मध्यावर झडप कडेला घासू लागली तर लगेच रंधा मारू नये. त्या दिवसांत फुगलेले लाकूड दिवाळीनंतर पुन्हा आकसते आणि तिथे फट पडते. आधी पाहावे की घासते तिथला रंग उडून प्लायची कड उघडी पडली आहे का. पडली असेल तर कड वाळवावी, पॉलिश पेपरने हलकेच घासून पुन्हा इपॉक्सी द्यावी. तरीही दिवाळीनंतर घासतच राहिली, तर मिलिमीटरभर रंधा मारून उघडी कड त्याच दिवशी रंगवावी.

आपले,
काही मत्स्यालयपालक, परभणी